तबकडीखाली पाऊस

माझ्या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात धो धो पाऊस येतो आणि तीन मुलं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकडीखाली आडोशाला उभी राहतात. वर थेंबांचा ताशा वाजतोय, मुलं एकमेकांना चिकटलीत आणि कुठूनतरी एक गूढ गुणगुण ऐकू येतेय. हे प्रकरण मला फार आवडलं होतं. भाचीनं ते वाचलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "मावशी, हे मला काढता येणार नाही. तबकडी जाळीची असते. पाऊस आरपार पडेल."

"जाळीची?"

"तू पाहिली नाहीस?"

नव्हती पाहिली. वर्तमानपत्रातला फोटो पाहिला होता. त्या जोरावर मी विज्ञान-साहसकथा लिहायला बसले होते, तीही सचित्र, नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. वाटलं, मुलांसाठी तर लिहायचंय, त्यात काय एवढं!

खोडी शेजारच्या पाचवीतल्या मुलानं काढली होती. त्याला मी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नवरून मराठीत आणलेलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचायला दिलं. दोन दिवसांत परत आणून दिलं आणि म्हणाला, "आजी, मस्त आहे, पण चित्रं एवढीच?" मग मी लिहायचं ठरवलं आणि कमर्शियल आर्ट शिकलेल्या भाचीला चित्रांसाठी पकडलं.

टोपणनाव घ्यावं, असंही एकदा मनात आलं. जयंत नारळीकरांनी 1974 साली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. अक्षरही स्वतःचं नाही, पत्नीचं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. माझं कारण नेमकं उलटं होतं: पुस्तक एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाती पडलंच, तर त्याला माझा पत्ता लागू नये.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, भाची मला खोडदला घेऊन गेली. नारायणगावला एसटीतून उतरलो आणि रिक्षा केली. दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षांच्या बागा. त्यांच्या डोक्यावरून अचानक पांढरी तबकडी वर येते, मग दुसरी, मग तिसरी. एकूण 30 आहेत. 14 मधल्या चौरस किलोमीटरभरात आणि बाकीच्या 16 तीन फांद्यांवर, पार 25 किलोमीटरपर्यंत, गावांच्या आणि शेतांच्या मध्ये. आम्ही पोचलो तेव्हा शाळांच्या रांगाच रांगा लागलेल्या. त्या मुलांत मी एकटी साठीची, आणि गोंधळलेलीही बहुधा मी एकटीच.

तबकडीचा व्यास 45 मीटर. खाली उभी राहून वर पाहिलं तर आभाळ दिसलं, तबकडीतून. पोलादाच्या बारीक तारांची जाळी, ताणलेल्या तारांच्या सांगाड्यावर बसवलेली. भोकं एक-दोन सेंटिमीटरची. तिथल्या एका तरुण इंजिनिअरनं समजावलं की, वरून येणाऱ्या लहरी वीसेक सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब असतात. एवढ्या लांब लहरीला एवढंसं भोक कळतच नाही, तिच्या लेखी तो आरसाच. वारा मात्र त्या भोकांतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. मी मनात पिठाची चाळण धरली. पीठ खाली जातं, खडा वर राहतो. इथे पाऊस म्हणजे पीठ आणि लहर म्हणजे खडा. वहीत लिहिलं: 'प्र. 4. मुलं भिजतात.'

तेवढ्यावर भागलं नाही. माझ्या सातव्या प्रकरणात तबकडी "झर्रकन" वळते. खरी तबकडी आडवी फिरते ती मिनिटाला फार तर 30 अंश, म्हणजे अर्धा फेरा घ्यायला सहा मिनिटं. तोवर नायिकेनं काय करायचं, शेंगदाणे खायचे? नवव्यात तबकडी खाली वाकून नायिकेकडे "मायेनं पाहते". क्षितिजापासून 17 अंशांच्या खाली ती वाकतच नाही. बाराव्यात नायिका तिथे उभी राहून मोबाईलवरून भावाला हाका मारते. तिथे मोबाईल बंदच ठेवावा लागतो. ज्या लहरी ही दुर्बीण टिपते त्या इतक्या क्षीण असतात की, शेजारचा मोबाईल म्हणजे तिच्या कानाशी वाजणारा डीजे.

राहिली गुणगुण. ती ऐकायला कुठे उभं राहायचं, असं मी इंजिनिअरला विचारलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "इथे काही ऐकू येत नाही, काकू. दिसतं. पडद्यावर रेघ येते." आणि त्यानं 19 ऑक्टोबर 2016 ची गोष्ट सांगितली. युरोपचं स्कियापरेल्ली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरत होतं आणि त्याचा अगदी क्षीण रेडिओ संदेश या तबकड्यांनी इथे, उसाच्या रानात, टिपला. यानाचा वेग बदलला की, संदेशाची वारंवारता सरकते आणि रेघेची चाल बदलते. उतरण्याच्या थोडं आधी रेघ तुटली. यान कोसळलं होतं. मंगळ त्या दिवशी इतका लांब होता की, संदेश यायला दहाएक मिनिटं लागत होती. म्हणजे खोडदच्या पडद्यावर शेवटची रेघ सरकत होती, तेव्हा तिकडे सगळं संपूनही गेलं होतं.

परतताना एसटीत मी एक शब्द बोलले नाही. माझ्या हिरव्या, तीन डोळ्यांच्या परग्रहवासीयाला पुण्याचं शिवाजीनगर यायच्या आत मी कादंबरीतून काढून टाकलं.

मग खरं काम सुरू झालं आणि मी आणखीच गोंधळले. शब्दांत लबाडी चालते. 'भव्य', 'अवाढव्य' असं लिहून पुढे सरकता येतं. भाचीला मात्र प्रत्येक चित्रात ठरवावं लागे की, शिडी कुठल्या बाजूला आहे, मुलांची डोकी कुठवर येतात. तिची तबकडी दर चित्रात थोडी बदलायची. ती म्हणाली, टिनटिनच्या चांद्रसफरीच्या दोन पुस्तकांसाठी चित्रकार एर्जेनं रॉकेटची प्रतिकृती बनवून घेतली होती, आतल्या खोल्यांसकट, म्हणजे दर पानावर दार त्याच जागी राहील. ही पुस्तकं 1953 आणि 1954 ची, तेव्हा चंद्रावर कोणी गेलंही नव्हतं. आम्ही जुनी छत्री उलटी केली, कापड उसवून मच्छरदाणी शिवली, चार विणकामाच्या सुया उभ्या करून टोकावर तेलाच्या बाटलीचं झाकण बसवलं. टेबल लॅम्प झाला सूर्य. महिनाभर ते जेवणाच्या टेबलावर होतं आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्यानं जेवत होतो.

एका रात्री तिचा फोन आला. "मावशी, सोळाव्या पानावर तुझी नायिका गटरमध्ये जातेय."

मी दचकले. असं मी कुठे लिहिलं होतं? गटर म्हणजे दोन पानांमधली बांधणीची खाच, हे मला साठाव्या वर्षी कळलं. समोरासमोरच्या पानांवर एकच मोठं चित्र असेल, तर मधोमध कोणाचा चेहरा येता कामा नये. नाहीतर नाक शिवणीत जातं. फर्म्याचंही तसंच. 16 पानांचा एक फर्मा, पुस्तक आठ फर्म्यांचं, म्हणजे 128 पानं. माझं हस्तलिखित 131 पानांवर जात होतं. "तीन पानं वाढली तर काय बिघडतं?" असं मी विचारलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

पानं कमी करायचा उपाय तिनंच दाखवला आणि तो मला सगळ्यात जड गेला. जे चित्रात दिसतं ते मी पुन्हा लिहीत होते. मुलीचा फ्रॉक निळा, डोंगर मागे, ढग काळे. मराठीच्या बाईंना वर्णन म्हणजे जीव की प्राण! तिनं तांबड्या पेन्सिलीनं एकेक ओळ खोडली. तरी मंगळाचं प्रकरण मी तिला हात लावू दिलं नाही. त्यात रेघ तुटण्यावर माझे 400 शब्द होते. तिनं न भांडता समोर एक कागद ठेवला. डाव्या पानावर अंधाऱ्या खोलीत पडदा, त्यावर रेघ आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेली मुलं. उजव्या पानावर तांबडी माती, धूळ खाली बसलेली. शब्द एकही नाही.

शेजारच्या मुलाला दाखवलं. तो बराच वेळ या पानावरून त्या पानावर बोट फिरवत राहिला. "म्हणजे हे बघतायत तेव्हा ते आधीच फुटलंय?" मग आणखी थोड्या वेळानं, "त्यांना माहितीये?"

माझे 400 शब्द मीच खोडले.

सातव्या प्रकरणात तबकडी आता सहा मिनिटं घेऊन वळते आणि माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगली सहा पानं तीच आहेत. मुलांना काहीच करता येत नाही, नुसतं थांबावं लागतं. उसात काहीतरी खसफसतं. जुन्नर तालुक्यात उसात खसफसलं की, बिबट्या हे मुलांना सांगावं लागत नाही.

काल पुन्हा तिचा फोन. "मावशी, हे उसातलं प्रकरण अमावास्येचं आहे ना?"

"हो."

"आणि तू लिहिलंयस, मुलांच्या लांबच लांब सावल्या पडल्या."

"हो."

"उजेड कुठून येतोय?"