एकाच पेढीचे दप्तर

आज रात्री संगणकावर स्टीम या खेळांच्या दुकानाचे दालन उघडले आणि गेल्या कित्येक वर्षांत विकत घेतलेल्या खेळांची ती लांबलचक यादी पाहताना, हे सारे एकाच पेढीच्या दप्तरी जमा आहे याचे समाधान मानावे की भय बाळगावे, हा प्रश्न मनात बराच वेळ घोळत राहिला. 2004 साली ‘हाफ-लाइफ 2’ आला तेव्हा दुकानातून तबकडी विकत आणणाऱ्यालाही व्हॉल्व्ह कंपनीच्या या स्टीमवर खाते उघडल्यावाचून तो खेळता येत नसे, आणि त्या सक्तीने पुष्कळ खेळाडू संतप्त झाले होते. पुढे 2018 मध्ये एपिक कंपनीने, स्टीमच्या सर्वसाधारण 30 टक्क्यांऐवजी अवघी 12 टक्के अडत घेणारे दुसरे दुकान मांडले, तरी स्टीम सोडावयास बहुतेक खेळाडू राजी झाले नाहीत. याला मी आळस म्हणणार नाही. जेथे आपले स्नेही, आपले विक्रम आणि अर्धवट राहिलेले डाव सांभाळून ठेवलेले असतात, आणि 2 तासांहून कमी खेळलेला खेळ 14 दिवसांच्या आत परत करता येतो, त्या जागेशी जिव्हाळा जडणे स्वाभाविकच आहे.

तथापि केवळ दुकानदाराच्या सौजन्यावर विसंबून राहणे माझ्या मनाला मानवत नाही. गॉग हे दुकान खेळ कुलूपबंद न करता ग्राहकाच्या हवाली करते, आणि ही वहिवाट मला अधिक न्याय्य वाटते. स्टीमच्या करारनाम्यान्वये खेळ विकला जात नाही, त्याच्या वापराचा केवळ परवाना मिळतो. आणि ते खाते दुसऱ्या कोणाच्याही नावे करून देता येत नाही.