दहाच्या तारा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त तसं किरकोळ आहे. बाबांच्या गिटारला नवीन तारा घ्यायच्या होत्या.

आता गिटारच्या तारा घेणं हा काय लिहिण्याचा विषय आहे, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. दुकानात जायचं, एक सेट मागायचा, पैसे द्यायचे, संपलं. पण त्या सहा तारांनी मला चांगले तीन आठवडे खेळवलं. आणि शेवटी जे समजलं ते तारांबद्दलचं नव्हतंच. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी गिटारबद्दल. घरच्या मंडळींना ती माहीत आहेच, इतरांसाठी सांगतो. १९७६ साली बाबा मुंबईत टपाल खात्यात होते. गिरगावातल्या एका खोलीत चौघेजण राहायचे. त्या पगारातून साठवून साठवून त्यांनी कलकत्त्याच्या बनावटीची एक गिटार घेतली. १९८१ मध्ये बदली होऊन ते मिरजेला आले, तेव्हा सामानात एक ट्रंक, एक स्टोव्ह, आई, तान्हा मी आणि ही गिटार.

मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव. (२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.) अशा गावात गिटार वाजवणारा पोस्टातला माणूस म्हणजे एक गंमतच होती. शेजारच्या काकू तिला "तुमची ती चपटी सतार" म्हणायच्या. पण गणपतीत मंडळाचा ऑर्केस्ट्रा असला की बाबांना बोलावणं ठरलेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसायचे, आणि मी पहिल्या रांगेत बसून "ते माझे बाबा" असं ओळख नसलेल्या पोरांनाही सांगायचो.

१९८९ मध्ये, मी आठ वर्षांचा असताना, बाबांनी मला शिकवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताची बोटं सोलली. मी रडलो. पण मग हळूहळू जमायला लागलं.

आता जे सांगणार आहे ते मला फारसं अभिमानास्पद नाही. २००१ साली मी इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर एकाकडे भारी गिटार होती. तिचा आवाज असा भरदार, की आपल्या घरच्या गिटारचा आवाज मला अगदीच पातळ वाटायला लागला. सुट्टीत घरी आल्यावर मी बाबांना म्हणालोसुद्धा, "काय हो बाबा, डबा वाजवल्यासारखं वाटतंय." बाबा हसले, काही बोलले नाहीत. मी होस्टेलवरून तेराचा सेट आणला होता. बाबा ऑफिसला गेले असताना जुन्या तारा काढून तो चढवला. आवाज खरंच दणदणीत झाला. मी खूश!

दिवाळीत परत आलो तर बाबांनी गिटार मांडीवर घेतली आणि एक पोस्टकार्ड मागितलं. (आमच्या घरात पोस्टकार्डाला तोटा नव्हता.) ब्रिज, म्हणजे आपली घोडी, तिच्या मागच्या कडेखाली त्यांनी ते कार्ड सरकवलं. ते सहज आत गेलं. घोडी लाकडापासून सुटत आली होती.

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. तिथले एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, हे आमचं वाद्य नव्हे. पण बाबांनी गळ घातल्यावर त्यांनी सरस तापवला, घोडी नीट उचलून परत चिकटवली, शिकंजा लावला आणि म्हणाले, "चार दिवस हात लावू नका." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तार कोणची लावली होतीस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तार तू ताणतोस, पण ओढ लाकडाला बसते." एवढंच. मला तेव्हा ओशाळल्यासारखं झालं, पण खरं सांगायचं तर कळलं काहीच नव्हतं.

आता चोवीस वर्षं पुढे येऊ.

बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. मधुमेह जुना आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताचं एक बोट वाकलं की वाकलेलंच राहायचं, सरळ करताना खटका बसायचा. डॉक्टरांनी ट्रिगर फिंगर सांगितलं आणि छोटी शस्त्रक्रिया केली. खटका गेला, जोर मात्र पूर्वीसारखा आला नाही. त्याच्याही आधीपासून गिटार कपाटावर होती.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने ती हट्टाने खाली काढायला लावली. बाबांनी धूळ पुसली, बोटं ठेवली, दाबायचा प्रयत्न केला. आवाज आलाच नाही, नुसती फुसफुस. पुन्हा प्रयत्न केला. मग गिटार बाजूला ठेवून म्हणाले, "तारा गंजल्यात."

तारा गंजल्या होत्या हे खरंच. पण अडचण तारांची नव्हती हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. कुणीच काही बोललं नाही. मी एवढंच म्हणालो, "पुढच्या वेळी येताना आणतो."

इथून ते तीन आठवडे सुरू झाले.

पुण्यात दुकानात गेलो तर मुलाने विचारलं, "कितीचा सेट?" हा आकडा म्हणजे सर्वांत बारीक, पहिल्या तारेची जाडी. इंचाचा हजारावा भाग हे माप. दहा म्हणजे पाव मिलिमीटर, बारा म्हणजे ०.३० मिलिमीटर. फरक किती? साध्या कागदाच्या निम्म्या जाडीइतका! मला वाटलं, एवढ्याने काय होतंय? घरी येऊन हिशोब मांडला. स्वर तोच आणि तारेची लांबी तीच ठेवायची, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहाच्या जागी बाराची तार लावली तर ताण ४४ टक्क्यांनी जास्त. साधारण सव्वासात किलोऐवजी साडेदहा किलो, तेही एकाच तारेवर. सहाही तारांचा मिळून ताण बघितला तर दहाच्या सेटचा एकसष्ट किलोच्या आसपास, बाराचा चौऱ्याहत्तरच्या आणि तेराचा पंच्याऐंशीच्या आसपास.

पंच्याऐंशी किलो! म्हणजे २००१ साली मी त्या बिचाऱ्या घोडीवर एक धडधाकट पैलवान लटकवून होस्टेलला निघून गेलो होतो. मिस्त्री काय म्हणाले ते मला आत्ता कळलं.

मग वाटलं, नायलॉनच्या लावाव्यात का? क्लासिकल गिटारला असतात त्या. पूर्वी तिथे आतड्याच्या तारा असायच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मिळेनाशा झाल्या आणि १९४० च्या दशकात नायलॉन आलं. बोटांना अगदी मऊ, ताणही चाळीसेक किलोच. पण बाबांची गिटार पोलादी तारांसाठी बांधलेली. आतल्या पट्ट्या त्या ओढीच्या हिशोबाने लावलेल्या. एवढ्या कमी ताणात तिचं लाकूड हलणारच नाही, आवाज मिटमिटा येईल. (याच्या उलट, क्लासिकल गिटारला पोलादी तारा लावणं म्हणजे माझा २००१ चा पराक्रम परत करणं. कृपया करू नका.) दुसरा पर्याय सिल्क अँड स्टीलचा. यात मधली पोलादी तार आणि वरचं वेटोळं यांच्यामध्ये तंतूंचा थर असतो. त्या मऊ असतात, पण त्यांचा आवाजही हळू. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. म्हणजे तेही बाद.

शेवटी जाडीला दहाच नक्की केल्या. राहिला धातू. वरच्या दोन तारा नुसत्या पोलादाच्या, खालच्या चारांवर वेटोळं असतं, ते बहुतेक दोन प्रकारचं. एक एटी-ट्वेंटी ब्राँझ : ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के जस्त. नाव ब्राँझ, पण खरं तर हे आपलं पितळच. तंबोऱ्याच्या खर्जाला असते तशी पितळ. आवाज खणखणीत. दुसरं फॉस्फर ब्राँझ, म्हणजे तांबं, कथील आणि किंचित फॉस्फरस. हे १९७४ साली डॅडारिओ कंपनीने आणलं. आवाज जरा उबदार. माझ्या कानाला दुसरा प्रकार जास्त आवडतो. पण वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून खणखणीत घेतल्या. वर पातळ लेप असलेल्या घेतल्या, म्हणजे लवकर गंजणार नाहीत आणि बोटंही जरा सहज सरकतील. दुप्पट-तिप्पट किंमत पडते, पण बाबांना आता दर दोन महिन्यांनी तारा बदलणं कुठलं जमायला?

एवढा अभ्यास मी इंजिनिअरिंगला केला असता तर...! असो.

मिरजेला पोचलो. जुन्या तारा काढण्यासाठी गिटारची पेटी उघडली. आत एक छोटा कप्पा आहे, त्यात खुंट्या फिरवायची किल्ली असायची, ती शोधत होतो. किल्ली मिळाली नाही. रबर लावलेला कागदी पाकिटांचा एक गठ्ठा मिळाला. तारांची रिकामी पाकिटं. टपाल खात्यातला माणूस! प्रत्येक पाकिटावर तारीख आणि खाली एक शब्द, बाबांच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात.

मार्च १९८३, बारा. ऑगस्ट १९८४, बारा. ८५, ८६, ८८, सगळी बारा. आणि मग नोव्हेंबर १९८९, दहा. त्यानंतर शेवटपर्यंत दहा.

मी पाकिटं घेऊन बाहेर आलो. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, एकोणनव्वदला बाराच्या दहा का केल्यात?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझी बोटं सोलली होती नाही का. रडत होतास."

"मग तुमचा आवाज? ऑर्केस्ट्राचा?"

"पातळ झाला की. मंडळाचे लोक म्हणालेही." आणि परत पेपरात डोकं घातलं.

म्हणजे ज्या आवाजाला मी डबा म्हणालो होतो, तो माझ्यामुळेच तसा झाला होता. बारा वर्षं ते त्या पातळ आवाजात वाजवत राहिले. मी तोंडावर नावं ठेवली तेव्हाही हे सांगितलं नाही, आणि घोडी सुटली तेव्हाही नाही. मला काय बोलावं सुचेना. मी आत जाऊन तारा बदलायला बसलो.

एक-एक करून सहाही चढवल्या. नेहमीपेक्षा दोन पडदे खाली लावल्या. त्याने ताण आणखी पाचव्या हिश्शाने उतरतो. मग दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला, म्हणजे स्वर पुन्हा जागेवर येतो आणि तारा पडद्यांच्या जवळ येतात, दाबायला जोर कमी लागतो. गिटार नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवली. मनात धाकधूक होती. त्यांना कीव केलेली अजिबात चालत नाही.

त्यांनी पहिली तार अंगठ्याने चाचपली. बोटांना जाडी लगेच कळली असणार.

"दहा?"

"हो."

"हिच्यासाठी आणल्यास ना?" लेक शेजारी येऊन बसलीच होती.

मी एक क्षण थांबलो. "हो. तिची बोटं सोलतील म्हणून."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "सुरुवातीला दहाच बऱ्या."

त्यांनी बोटं ठेवली. पहिला कॉर्ड अर्धा फुसफुसला. दुसरा वाजला. तिसरा अगदी स्वच्छ वाजला. एका गाण्याचं धृपद कसंबसं पूर्ण केलं, मध्ये दोनदा बोट घसरलं. मग हात झटकून गिटार नातीकडे दिली आणि म्हणाले, "हं, आता तू. हे बोट इथे." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती काही न बोलता आत गेली.

पाच-सात मिनिटांत लेक कळवळली, "आजोबा, दुखतंय!" आजोबांनी स्वतःची बोटं तिला दाखवली आणि म्हणाले, "मलापण."

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "नवीन तारांचं पाकीट कुठाय? टाकलंस की काय?"

टाकलं नव्हतं. त्यांनी पेन मागितलं, तारीख घातली, खाली 'दहा' लिहिलं. अक्षर आता जरा हलतं. पाकीट गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवून त्यांनी रबर लावलं.