कच्ची वही

शिक्षकाचा पेशा सुटला तरी शिक्षकाची खोड सुटत नाहीं. ३८ वर्षें तांबड्या शाईचें पेन चालविल्यावर मनुष्याची दृष्टि अशी होऊन जाते कीं, कागद हातीं आला म्हणजे मजकुराच्या आधीं त्यांतील चूकच दिसते. लग्नपत्रिका आली तर वधूवरांचीं नांवें वाचण्यापूर्वीं मी ऱ्हस्वदीर्घ तपासतों. आमच्या घरांतील मंडळी म्हणतात कीं, स्वर्गाच्या दाराशीं गेलों तरी मी आधीं दारावरच्या पाटीची वेलांटी दुरुस्त करीन, आणि मगच आंत जाईन.

या माझ्या खोडीवर गेल्या दिवाळींत जो प्रसंग आला, तो सांगण्यासाठीं हा लेख. वाचकांस नवल वाटेल, पण त्या प्रसंगाचें मूळ फिनलंड देशांतील गाण्यांत आहे.

त्याचें असें झालें. पाडव्याच्या सकाळीं फराळ आटोपून मी झोपाळ्यावर बसलों होतों. मुलगा व सूनबाई पुण्याहून आलीं होतीं. पंधरा वर्षांचा नातू जवळ येऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही संस्कृत शिकवीत होतां ना? मग हा समास कोणता तें सांगा." आणि त्यानें मोबाइलवर एक नांव दाखविलें: स्ट्रॅटोव्हेरियस.

हें एका बँडचें नांव. स्ट्रॅटोकास्टर ही अमेरिकेंतील एका प्रसिद्ध गिटारीची जात, आणि स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे क्रेमोनाच्या आंतोनियो स्त्रादिव्हारी या कारागिरानें तीनशें वर्षांपूर्वीं घडविलेलें व्हायोलिन. एकाचें डोकें आणि दुसऱ्याचें शेपूट जोडून हें नांव सिद्ध झालें आहे. मीं सांगितलें कीं, हा संधि नव्हे, समासहि नव्हे. द्वंद्व म्हणावा तर दोन्ही पदें अर्धीं कापलेलीं! पाणिनीपुढें हा शब्द ठेवला असता तर त्यानें निपातन म्हणून सोडून दिला असता. "म्हणजे काय?" "म्हणजे नियमांत बसत नाहीं, पण लोक वापरतात, म्हणून जसा आहे तसा मान्य करावयाचा." नातवाला तें फारच आवडलें. तो म्हणाला, "मग हें गाणेंहि तसेंच ऐका," आणि त्यानें तीं यंत्रें माझ्या कानांत घातलीं.

पहिल्या क्षणीं वाटलें, पत्र्याच्या छपरावर नारळ पडत आहेत. या प्रकाराला पॉवर मेटल म्हणतात. ढोल अतिशय द्रुत, गिटारी त्याच्या मागें धांवणाऱ्या, आणि वर तारसप्तकांत एक गळा. परंतु दुसरें गाणें ऐकतांना ध्यानांत आलें कीं, या गदारोळाच्या मध्यें सरळ, गुणगुणतां येईल अशी चाल आहे, आणि एकंदर भाव वीररसाचा आहे. मुलगा वर्तमानपत्र वाचीत होता. मीं नातवास विचारलें, "हें खूळ तुला कोणीं लावलें?" तो म्हणाला, "बाबांनीं. त्यांच्याकडे सगळ्या जुन्या सीडी आहेत." मुलानें वर्तमानपत्राचें पान उलटलें. मला हें ठाऊक नव्हतें.

मग मी हट्टास पेटलों. नातवानें काढून दिलेले लेख व मुलाखती कोश घेऊन वाचल्या. मला गाण्यांपेक्षां हीं गाणीं कशीं जन्मलीं तेंच अधिक रंजक वाटलें. प्रथम ही स्ट्रॅटोव्हेरियस मंडळी घ्या. १९८४ सालीं हेलसिंकींत ती सुरू झाली तेव्हां तिचें नांव होतें ब्लॅक वॉटर. तुओमो लास्सिला हा ढोलहि वाजवी आणि गाईहि. १९८५ च्या सुमारास टिमो टोल्की हा गिटारवाला येऊन मिळाला आणि गाण्याचें काम त्याच्या गळ्यांत पडलें. ‘गळ्यांत पडणें’ हा वाक्प्रचार इतका तंतोतंत लागू पडलेला मीं क्वचितच पाहिला आहे. १९८९ सालीं पहिला आल्बम निघाला. १९९२ च्या दुसऱ्या आल्बमांत गिटार, गाणें आणि बॅसहि टोल्कीचाच. एकट्यानें पूजा सांगावयाची, घंटा वाजवावयाची आणि नैवेद्यहि रांधावयाचा, असा तो प्रकार. पण १९९४ सालीं त्यानें टिमो कोतिपेल्तो नांवाच्या तरुणास गाण्याच्या जागीं बसविलें आणि आपण गिटारीकडे वळला. आपल्या जागीं दुसऱ्यास बसविणें ही गोष्ट सोपी नाहीं. मुख्याध्यापक बदलतांना मीं ती पाहिली आहे.

दुसरी मंडळी उत्तरेकडील केमी गांवची. बोथनियाच्या आखाताच्या अगदीं शेंड्यावरचें हें कागदाच्या कारखान्यांचें गांव. तेथें हिवाळ्यांत बर्फाचा किल्ला बांधतात. तेथल्या मुलांनीं १९९५ च्या सुमारास जो बँड काढला त्याचें नांव ‘ट्रिकी बीन्स’, म्हणजे चकवे घेवडे म्हणावें फार तर! १९९६ व १९९७ सालीं त्यांनीं नमुन्याचीं ध्वनिमुद्रणें केलीं. या नमुन्यास ‘डेमो’ म्हणतात. तो विक्रीसाठीं नसतो, कंपन्यांना दाखविण्यासाठीं असतो. आमच्या शाळेच्या भाषेंत कच्ची वही. त्या वेळचें त्यांचें वाजविणें निराळ्याच वळणाचें होतें. पुढें त्यांच्या गायकाच्या, टोनी काक्कोच्या, कानावर स्ट्रॅटोव्हेरियसचें गाणें पडलें आणि सारी चालच बदलली. १९९९ सालीं गांवांतल्याच टिको टिको स्टुडिओंत ‘फुलमून’ हा डेमो झाला. घेवडे जाऊन ‘सोनाटा आर्क्टिका’ हें भारदस्त नांव आलें आणि त्याच वर्षीं ‘एक्लिप्टिका’ हा आल्बम निघाला. त्यांतहि गाणें आणि कीबोर्ड दोन्ही काक्कोकडेच. पुढच्या वर्षीं कीबोर्डसाठीं स्वतंत्र मनुष्य आला, आणि ज्यांचें ऐकून हीं मुलें बदललीं त्या स्ट्रॅटोव्हेरियसच्याच दौऱ्यांत आधीं वाजविण्याचा मान यांना मिळाला. गुरुगृहीं न जातां गुरूची भेट व्हावी तशी ही गोष्ट.

परंतु मी खरा गुंतलों तो तिसऱ्या मंडळींत. तिचें नांव नाइटविश. पूर्वेकडे किते नांवाचें लहानसें गांव आहे. तेथला तुओमास होलोपाइनेन हा एका पियानो-शिक्षिकेचा मुलगा. १९९६ च्या जुलै महिन्यांत मित्रांबरोबर शेकोटीभोंवतीं बसला असतां त्याच्या मनांत आलें कीं, अशा रात्रींचें शांत संगीत रचावें. त्यानें गिटारीसाठीं एम्पु वुओरिनेन यास, आणि गाण्यासाठीं तारिया तुरुनेन या गांवांतल्याच मुलीस बोलाविलें. त्या वर्षाच्या अखेरीस तिघांनीं तीन गाण्यांचा एक डेमो केला. बेत शेकोटीच्या संगीताचा, पण त्या मुलीचा शास्त्रीय पद्धतीनें तयार होत असलेला गळा त्यांत मावेना. समईच्या तेलांत दिवटी पेटविल्यासारखें झालें. मग गिटारी विजेच्या आल्या, ढोलवाला आला, आणि शेकोटीचा वणवा झाला.

त्या पहिल्या डेमोंतील एका गाण्याचें नांव ‘एतिआइनेन’ असें आहे. हा शब्द मीं वहींत टिपून ठेविला आहे. फिनलंडच्या लोकांत अशी समजूत होती कीं, मनुष्य घरीं पोंचण्याआधीं त्याची चाहूल पोंचते. पावलें वाजतात, दार करकरतें, घरचे लोक पाहतात तों कोणी नसतें, आणि मग थोड्या वेळानें तो मनुष्य खरोखरच येतो. या आधीं येणाऱ्या चाहुलीला एतिआइनेन म्हणतात. आपल्याकडे कावळा ओरडला म्हणजे पाहुणा येणार असें म्हणतात. पण आपल्याकडे निदान कावळा तरी असतो. बँडच्या पहिल्याच कच्च्या वहींत हें नांव असावें याची मला मौज वाटली. पुढें पहिल्या आल्बमांतील लॅपलंडवरच्या दीर्घ रचनेच्या अखेरच्या भागासहि तेंच नांव आहे.

तो पहिला आल्बम म्हणजेहि वस्तुतः कच्ची वहीच. १९९७ च्या एप्रिलांत त्यांनीं सात गाणीं ध्वनिमुद्रित केलीं तीं नमुना म्हणून. स्पाइनफार्म या कंपनीनें तीं घेतलीं, मुलांनीं पुन्हा स्टुडिओंत जाऊन आणखी कांहीं गाणीं केलीं, आणि १ नोव्हेंबर १९९७ रोजीं ‘एंजल्स फॉल फर्स्ट’ प्रसिद्ध झाला. पहिली मर्यादित आवृत्ति ५०० प्रतींची. बॅस वाजविणारा नव्हता म्हणून तें काम गिटारवाल्यानेंच केलें. पुरुषाच्या आवाजाचें काम पडलें तेथें दुसरा कोणी नव्हता म्हणून होलोपाइनेन स्वतः गायिला. त्याचें वय त्या वेळीं वीस, आणि तो गवई नव्हता. पुढें त्यानें आपल्या त्या गाण्याविषयीं नापसंती बोलून दाखविली, आणि नंतर तो तसा गायिलाहि नाहीं. आल्बम निघाल्यावर लौकिक मिळाला, पण लगेच गांवोगांव फिरतां येईना. वुओरिनेन आणि ढोलवाला सक्तीच्या लष्करी सेवेंत, आणि तुरुनेन अभ्यासांत. पहिला कार्यक्रम त्यांनीं १९९७ च्या ३१ डिसेंबरला आपल्याच गांवीं केला.

आतां मुख्य गोष्ट. पहिल्या आल्बमांतील ‘ॲस्ट्रल रोमान्स’ हें गाणें त्यांनीं २००१ सालीं पुन्हा ध्वनिमुद्रित केलें. या वेळीं पुरुषाचा आवाज होता केमीच्या टोनी काक्कोचा, त्या घेवड्यांच्या गायकाचा. नातवानें मला दोन्ही एकापाठोपाठ ऐकविलीं. मीं परीक्षकाच्या आवाजांत निकाल दिला, "दुसरें शुद्ध आहे. पहिल्यांत स्वर डळमळतो. तें आतां ठेवण्याचें कारण काय?" नातू म्हणाला, "पण आजोबा, पहिल्यांत तो घाबरलेला ऐकूं येतो. मला तेंच आवडतें."

मुलानें वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो उठून अंगणांत गेला.

त्याच्या उठण्याचें कारण नातवास कळलें नाहीं. मला कळलें. १९९८ सालीं, म्हणजे किते गांवचीं तीं मुलें गाजूं लागलीं त्याच सुमारास, माझा मुलगा नववींत होता. त्यानें आणि त्याच्या दोन मित्रांनीं माडीवर एक महिना खटपट करून चार गाणीं रचलीं. शब्द त्यांचे, चाल त्यांची. मागून आणलेली गिटार, आमची हार्मोनियम आणि ढोलाच्या ठिकाणीं रॉकेलचा डबा. घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांनीं तीं एका कॅसेटींत भरलीं आणि मुलगा ती घेऊन माझ्याकडे आला. मीं कागद घेऊन ऐकावयास बसलों. ऐकून झाल्यावर तो कागद त्याच्या हातीं दिला. त्यावर अकरा चुका होत्या. दोन ठिकाणीं यतिभंग, एके ठिकाणीं ‘रम्य सौंदर्य’ अशी पुनरुक्ति, गिटारीची एक तार उतरलेली, वगैरे. त्यानें कागद वाचला आणि "बरें अण्णा" म्हणून तो गेला.

एवढ्यावर थांबलों असतों तरी चाललें असतें. पुढच्या महिन्यांत मला माझ्या विद्यार्थ्यांसाठीं रघुवंशाचा दुसरा सर्ग म्हणून ठेवावयाचा होता. महिन्याची अखेर होती, कोरी कॅसेट घरांत नव्हती, आणि ती फळीवर पडलेली होती. कॅसेटीच्या पाठीमागें नखाएवढ्या दोन पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या म्हणजे तीवर पुन्हा कांहीं भरतां येत नाहीं. मुलानें त्या मोडल्या नव्हत्या. त्याला तें माहीत नसावें. मीं नंदिनीची सेवा करणाऱ्या दिलीपाचे ७५ श्लोक, स्पष्ट उच्चारांत, त्या मुलांच्या गाण्यांवर म्हटले. मुलाला तें कळलें तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. तो पुढें चांगला इंजिनियर झाला, मला कधीं उलट उत्तर दिलें नाहीं, आणि माझ्या देखत पुन्हा कधीं गायिला नाहीं.

भाऊबीज झाल्यावर मुलगा व सूनबाई परत गेलीं. नातवाची सुट्टी बाकी होती म्हणून तो राहिला. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला माळ्यावर चढविलें. पत्र्याच्या ट्रंकेंत कॅसेट सांपडली. वर माझ्या अक्षरांत ‘रघुवंश, सर्ग २’ अशी चिठ्ठी. तिचा कोपरा सुटला होता आणि खालीं निळ्या शाईंत तीन नांवें होतीं. टेपरेकॉर्डर चालेना. आंतला रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता. बाजारांतल्या म्हाताऱ्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यानें तो बदलून दिला आणि पैसे घेतांना असें कांहीं पाहिलें, जणूं मीं बैलगाडीचें चाक आणलें होतें.

संध्याकाळीं आम्ही दोघे बसलों. माझा आवाज निघाला, तरुण आणि खणखणीत. त्यांत कांहीं चूक नव्हती. पाऊण शतक श्लोक संपायला सव्वीस मिनिटें लागलीं. नातू जांभया देत होता. मग ‘खट्’ असा आवाज झाला, आणि त्यापुढें उरलेल्या फितीवर रॉकेलचा डबा वाजूं लागला.

जेमतेम तीन मिनिटें. चौथ्या गाण्याचा शेवट. वयानें फुटलेला तो आवाज वरच्या स्वरावर गेला, तेथें डळमळला, पण खालीं आला नाहीं. उतरलेली तारहि होती; कागदावर ती मीं नववी चूक म्हणून लिहिली होती. गाणें संपल्यावर कोणी तरी हंसलें, कोणी तरी म्हणालें, "झालें! बंद कर," आणि फीत संपली. नातवानें माझ्याकडे पाहून विचारलें, "हे बाबा?" मीं मान हालविली. त्यानें ती फीत मागें घेतली आणि तीं तीन मिनिटें पुन्हा लावलीं; तिसऱ्यांदां मीं लावलीं.

मुलाला अजून कळविलें नाहीं. नातवास नेण्यासाठीं तो येत्या शनिवारीं येणार आहे. कॅसेटीच्या मागच्या दोन्ही पट्ट्या मीं मोडून ठेविल्या आहेत.