तोलामोलाची जोड

आमचा जन्म १९५८ सालचा. त्याच वर्षी ‘हिंद केसरी’ किताबाची पहिली स्पर्धा आमच्या हैदराबाद शहरात भरली आणि रामचंद्र बाबू हे पहिले हिंद केसरी ठरले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे आम्हास कळते. पण आमच्या वडिलांनी तो लहानपणीच आमच्या मनात जोडून दिला होता. “तू जन्मलास त्या वर्षी मी या डोळ्यांनी जी कुस्ती पाहिली, तशी पुन्हा होणे नाही,” हे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या घंटेइतक्या नेमाने ऐकू येत असे.

वडिलांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेली होती. त्यांचा पहिला पगार हाली सिक्क्यात झाला. पुढे संस्थान गेले, १९५६ मध्ये राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्यांच्या तालमीतले निम्मे सोबती औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे पांगले आणि आम्ही येथेच राहिलो. मारुती माने, दादू चौगुले, हरिश्चंद्र बिराजदार ही आमच्या पिढीची दैवते. त्यांतही बिराजदार लातूरकडचे, म्हणजे जुन्या हिशेबाने आमच्याच संस्थानातले, म्हणून त्यांच्याविषयी जरा जास्त ममत्व. १९७२ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाल्याची बातमी आम्ही वडिलांना उत्साहाने वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, “चांगले आहे. पण अठ्ठावन्नचे ते अठ्ठावन्नचे.”

आम्हास त्यांचा राग येई. पुढे वयपरत्वे आम्हीच त्यांची गादी चालवू लागलो, हे निराळे सांगावयास नको.

सरकारी नोकरीत आमचे एक सहकारी होते. आम्ही त्यांना खाँसाहेब म्हणत असू. राहणारे जुन्या शहरातले, हिशेबात काटेकोर, आणि मुष्टियुद्धाचे निस्सीम भक्त. मुहंमद अलीचे एक मासिकातून कापलेले चित्र त्यांच्या टेबलाच्या काचेखाली वर्षानुवर्षे होते. दर रविवारी काचीगुड्याच्या एका इराणी हॉटेलात आमची बैठक जमे. ते मुष्टियुद्ध मांडीत, आम्ही कुस्ती. वादाचा विषय मात्र एकच असे : पूर्वीचे वजनदार गडी श्रेष्ठ की आजचे?

कोणास वाटेल की, अलीचा भक्त तो जुन्यांचा पक्ष घेणार. खाँसाहेब नेमका उलटा पक्ष घेत. त्यांचे म्हणणे असे की, खुराक सुधारला, शास्त्र सुधारले, देह वाढले. आजचा गडी जुन्या गड्याला उचलून टाकील. ते आकडे तोंडपाठ सांगत. रॉकी मार्सियानो एकोणपन्नास लढतींत एकदाही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झाला. पण त्याचे वजन सुमारे ८५ किलो. आजच्या नियमांनी तो वरच्या गटात बसतच नाही, खालच्या गटात जातो. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अली आणि जो फ्रेझर प्रथम एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा अली सुमारे ९८ किलोंचा आणि फ्रेझर ९३ किलोंचा होता. आज १२० किलोंचा मल्ल कोणास नवलाचा वाटत नाही.

यावर आमचे उत्तर ठरलेले. वजन वाढले असेल, दम घटला. पूर्वीची कुस्ती निकाली होत असे. घड्याळ नाही, गुण नाहीत. दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत सुटका नाही. आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि दहा गुणांची आघाडी मिळाली की खेळ खलास. मुष्टियुद्धातही पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. १९८२ मध्ये कोरियाचा एक तरुण मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळून दगावला, त्यानंतर फेऱ्या कमी करण्यात आल्या. कारण योग्यच होते, पण कसोटी बदलली ती बदललीच. आम्ही गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांचे उदाहरण देत असू. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत उतरून या दोघांनी दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदके आणली. मातीत वाढलेल्या या गड्यांनी परक्या गादीवर परक्या नियमांनी हे केले. याच्या उलट, गादीवर वाढलेला आजचा मल्ल दोन तास मातीत उतरवा, मग बोला!

वाद फारच रंगला की आम्ही शेवटी हुकमाचे पान टाकीत असू. “खाँसाहेब, आमच्या वडिलांनी दोन्ही काळ पाहिले होते. अठ्ठावन्न सालची कुस्ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांचे मत काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

खाँसाहेब लगेच कप खाली ठेवीत. “वालिदसाहब आँखों से देखे बोले तो अब मैं क्या बोलूँ? गवाह के सामने बहस नक्को.” साक्षीदारासमोर वाद नको. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी खाँसाहेबांनी त्यांच्या साक्षीवर कधी एक शंका घेतली नाही. त्या रविवारचा चहा मग त्यांच्या खात्यावर पडे.

काही वर्षांपूर्वी घरातील जुने कागद लावताना वडिलांच्या सेवापुस्तिकेची प्रत हाती आली. सरकारी माणसाला सेवापुस्तिका वाचल्याशिवाय बाजूला ठेवता येत नाही. १९५७ च्या मध्यापासून १९५९ च्या अखेरपर्यंत वडिलांची नेमणूक आदिलाबादेस होती. आमचा जन्म प्रथेप्रमाणे आजोळी, हैदराबादेत झालेला, म्हणून ही गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. रजेचा हिशेब पाहिला. १९५८ सालच्या रकान्यात एकही नोंद नव्हती.

नैमित्तिक रजेची नोंद सेवापुस्तिकेत होत नाही, हे आम्हास ठाऊक होते. तेवढ्या एका मुद्द्यावर आम्ही वडिलांची बाजू दोन दिवस लढविली. तिसऱ्या दिवशी आईला विचारले. ती तेव्हा नव्वदीच्या घरात होती, पण स्मरण लख्ख. ती म्हणाली, “तुझ्या बारशालासुद्धा त्यांना येता आले नाही. कुस्त्यांना कुठले येणार?”

वडील खोटे बोलले असे म्हणण्यास आजही जीभ रेटत नाही. तालमीतले सोबती पांगलेले, स्वतः आदिलाबादेस एकटे, मुलगा झाल्याची खबर टपालाने कळलेली, आणि आपल्या शहरात देशातली सर्वांत मोठी कुस्ती चाललेली. वर्तमानपत्रात वाचलेले आणि कोणीतरी वर्णन करून सांगितलेले पुढे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले झाले असावे. जेथे आपण असावयास हवे होते, तेथे आपण होतो असे माणसास कालांतराने वाटू लागते. ते वडिलांपुरते ठीक आहे. आमचा प्रश्न निराळा होता : हे खाँसाहेबांना सांगावयाचे की नाही?

आम्ही सांगितले नाही. पुढल्याच रविवारी वाद निघाला आणि आम्ही तेच पान पुन्हा टाकले. खाँसाहेबांनी नेहमीप्रमाणे कप खाली ठेवला.

२०२१ मध्ये खाँसाहेब गेले. त्यानंतर आमचा एकही वाद हरण्याचा प्रसंग आलेला नाही, कारण वाद घालण्यास कोणी उरले नाही. या रिकामपणात त्या जुन्या प्रश्नाचा विचार आम्ही प्रथमच प्रामाणिकपणे केला, आणि तेव्हा लक्षात आले की, आमच्या बाजूचे पुष्कळसे चलन नाणावलेले नव्हते.

जुन्या हैदराबादकरांना आठवत असेल की, हाली आणि कलदार अशी दोन नाणी असली तरी त्यांच्यात एक भाव ठरलेला होता. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. दोन नाण्यांत भाव ठरू शकतो, कारण दोन्ही एकाच बाजारात एका वेळी चालतात. दोन काळांत असा भाव ठरविणारा सराफ नाही. निकाली कुस्ती दम मागते, म्हणून त्या काळाने दम पिकविला. सहा मिनिटांची कुस्ती चपळाई आणि हिशेब मागते, म्हणून हा काळ ते पिकवितो. ज्या शेतात जे पेरले तेच उगवणार. जोंधळ्याला गहू झाला नाहीस म्हणून दोष कसा द्यावा?

शिवाय आम्ही ज्याला सुवर्णकाळ म्हणत होतो, त्यातही पळवाटा होत्याच. अमेरिकेचा जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ अजिंक्यपदावर होता. पण हॅरी विल्स या कृष्णवर्णीय तगड्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची लढत कधी होऊ दिली गेली नाही. आजच्या काळात कातडीच्या रंगाची आडकाठी नाही, तर चार संस्थांचे चार पट्टे, आणि ज्याचा पट्टा तो आपापल्या घरी राजा. १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसने सर्व प्रमुख पट्टे एकत्र केले. त्यानंतर वजनदार गटाला एकच निर्विवाद विजेता मिळण्यास २०२४ उजाडावे लागले. टाळाटाळ दोन्ही काळांत आहे, फक्त तिची तऱ्हा बदलते.

मग मोठेपण मोजावयाचे कशाने? आमच्या कुस्तीच्या भाषेतच त्याचे उत्तर आहे, आणि ते आम्ही रोज उच्चारीत होतो. फडावर आपण ‘जोड’ म्हणतो. जोड तोलामोलाची पाहिजे. गडी एकट्याने मोठा होत नाही. त्याला मोठे करणारा समोर उभा असावा लागतो.

गामा पहिलवानाचेच पाहा. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला त्याची पोलंडच्या झ्बिस्कोशी अडीच तासांहून अधिक काळ झुंज चालली आणि बरोबरीत सुटली. झ्बिस्को बराच वेळ जमिनीला चिकटून राहिला, आणि आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीला आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यास दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिले नाही. आम्ही आयुष्यभर पतियाळ्याच्या त्या मिनिटाचे पोवाडे गायले. खाँसाहेब एकदा म्हणाले होते, “मिनिट तो सबको याद है. वो अडीच घंटे सोचो.” तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले. आज पटते. दोघेही पन्नाशीला टेकलेले असताना अठरा वर्षांनी कोणाला तरी पुन्हा शोधावेसे वाटावे, एवढे महत्त्व त्या अडलेल्या अडीच तासांचे होते.

अली आणि फ्रेझर यांच्या तीन लढती झाल्या. पहिली फ्रेझरने जिंकली, पुढच्या दोन अलीने. १९७५ ची मनिला येथील तिसरी लढत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरच्या गुरूनेच थांबविली. दोघांमध्ये कटुता पुष्कळ होती. तरी नोव्हेंबर २०११ मध्ये फ्रेझर वारला, तेव्हा कंपवाताने जर्जर झालेला अली त्याच्या अंत्यविधीला हजर होता.

नव्या काळालाही जोड मिळतेच. नोव्हेंबर २०२३ च्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेखने अंतिम लढतीत शिवराज राक्षेला काही क्षणांत चितपट केले. वडील असते तर म्हणाले असते, ही काय कुस्ती? आम्हास मात्र त्या क्षणांमागचा अवधी दिसला. जानेवारीत पुण्याला हुकलेली गदा आणि तेव्हापासूनचे दहा महिने. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून मैदानातच वाद झाला, तेव्हा ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य ओठांवर आले होते. ते गिळले. आमच्या वेळी कसे होते, याचा आमचा साक्षीदार आदिलाबादेस होता.

१९ मे २०२४ च्या पहाटे आम्ही एकटेच दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. रियाध येथे युक्रेनचा उसिक आणि इंग्लंडचा टायसन फ्युरी यांची लढत. उसिक सुमारे १०१ किलो, फ्युरी सुमारे ११९. अठरा किलोंची तफावत, आणि धिप्पाड गडी नवव्या फेरीत दोरांवर हेलपाटला. निकाल उसिकच्या बाजूने लागला. निव्वळ वजन जिंकत नाही, हे आमचे जुने म्हणणे खरे ठरले होते. हात आपोआप फोनकडे गेला. खाँसाहेबांचा क्रमांक अजून त्यात आहे.

गेल्या ईदला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांचा नातू आता मुष्टियुद्धाचा सराव करतो. शीरखुर्म्याची वाटी पुढे करीत त्याने विचारले, “दादाजान बोलते थे, आपके वालिद अठ्ठावन का दंगल आँखों से देखे थे. सच्ची?”

खोलीत खाँसाहेबांची आरामखुर्ची तशीच होती. आम्ही म्हणालो, “नहीं बेटा. नहीं देखे थे.”

पोराने क्षणभर विचार केला. “तो फिर वो बहस दादाजान जीते क्या?”

“हौ,” आम्ही म्हणालो, “बहोत दफा जीते. मैं बोला नहीं.”