ॲरनची धार

"गेल्या वर्षीं ॲरन बेटावरील बिकट धार आपण ओलांडली, त्याविषयीं आपल्या वार्षिकासाठीं लिहावें," असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां मला आनंद होण्याऐवजीं लाज वाटली. तिचें कारण हाच या लेखाचा विषय आहे.

ॲरन हें स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील बेट. ग्लासगो येथें शिकत असतां एका सुटींत मी व माझा एक वयस्क स्नेही आगबोटीनें तेथील ब्रॉडिक बंदरीं उतरलों. बेटाच्या उत्तर भागीं ग्रॅनाइटचे डोंगर दाटीनें उभे आहेत. त्यांतील सर्वांत उंच गोटफेल अवघा २,८६६ फूट. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून किंचित् अधिक! हा आंकडा ऐकून मी हंसलों, आणि सह्याद्रींतील किती किल्ले मीं पायांखालीं घातले याची जंत्री वाटभर स्नेह्यास ऐकविली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली.

रोझा खोऱ्यांतून चढून आम्ही 'आ खीर' नामक धारेवर आलों. नांव आपल्या कानांस गोड लागतें. परंतु गेलिक भाषेंत त्याचा अर्थ फणी, आणि धार खरोखरच फणीच्या दांत्यांसारखी आहे. भूगर्भांत सावकाश निवालेल्या या सुमारें सहा कोटि वर्षांच्या खडकाचे कण मोठे व खरखरीत. पाय सहसा घसरत नाहीं, हात मात्र सोलून निघतात. मौज अशी कीं, आपले गड ज्या काळ्या दगडाचे, त्याच जातीच्या दगडाच्या शिरा येथें ग्रॅनाइटमध्यें शिरल्या आहेत. आणि कित्येक ठिकाणीं त्याच आधीं झिजून डोंगरांत खिंडारें पडलीं आहेत.

शिखराच्या पलीकडे एक उभा उतार लागतो. गिर्यारोहक त्यास फ्रेंच भाषेंत 'मोव्हे पा', म्हणजे वाईट पाऊल, म्हणतात. कड्याकडे तोंड करून मीं एक पाय खालीं सोडला. आधार सांपडेना. गुडघे कांपूं लागले, तोंडास कोरड पडली, आणि मी तेथेंच खिळून राहिलों. तोंच वरून स्नेह्याचा हात पुढें आला.

"परत फिरूं या," तो म्हणाला. "आज माझे पाय थकले आहेत."

त्याचे पाय थकले नव्हते. ती धार त्यानें पूर्वीं अनेकदां ओलांडली होती. आम्ही मागें फिरलों आणि धारेच्या पश्चिम अंगाच्या पायवाटेनें तिला वळसा घालून संध्याकाळीं खालीं उतरलों.

त्याच रात्रीं मीं वडिलांस दूरध्वनीवरून कळविलें, "धार ओलांडली." त्यांनीं तें कौतुकानें चारचौघांस सांगितलें, आणि तें शाळेपर्यंत पोहोंचलें.

विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशीं आम्ही दोघेहि खोटें बोललों. स्नेही बोलला तो माझी अब्रू राखण्यासाठीं; मी बोललों तो माझी बढाई राखण्यासाठीं. मागें फिरल्याची मला आतां लाज वाटत नाहीं; त्या दोन शब्दांची वाटते.

हा लेख धाडण्यापूर्वीं वडिलांस वाचून दाखविला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "सुखरूप परत आलास, एवढें तरी खरें ना?"