शून्य आणि रिकामी जागा

दिवाळीच्या सुटीत सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पुढे घेऊन बसणे हे शिक्षकाच्या नशिबी लिहिलेलेच असते. स्वयंपाकघरातून फराळाचा वास येत असतो आणि आपण गुणांच्या बेरजा करीत असतो. यंदा मात्र कॉलेजात संगणक शिकणाऱ्या माझ्या मुलीला माझी दया आली. "बाबा, मी तुम्हांला बेरजेचा एक प्रोग्रॅम लिहून देते," ती म्हणाली, आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकून कामाला लागली.

अर्ध्या तासात प्रोग्रॅम तयार झाला. पहिल्या मुलाचे मराठीचे गुण मी टाइप केले ३७, गणिताचे ४१. बेरीज आली ३७४१! एवढा हुशार विद्यार्थी माझ्या वर्गात आजवर निपजला नव्हता.

मुलगी जरा ओशाळली. म्हणाली, "यंत्राच्या लेखी तो अजून आकडा नाही, बाबा. तुम्ही काहीही टाइप केलेत तरी पायथनच्या हाती येतो तो मजकूरच. तीन आणि सात ही नुसती दोन चिन्हे. दोन मजकुरांची बेरीज म्हणजे त्यांना एकापुढे एक ठेवणे. आधी हा मजकूर पूर्णांक आहे का, ते तपासायला हवे."

हे तपासणे एवढे अवघड असेल असे मला वाटले नव्हते. प्रत्येक चिन्ह अंक आहे ना, एवढेच विचारणारी 'इझडिजिट' नावाची सोय तिने प्रथम वापरली. मग मी वर्गातल्या खोडकर मुलाची भूमिका घेतली. देवनागरीतला ३७ चालला. आपल्या लिपीचा मान राहिला म्हणून मी सुखावलो. पण ३७ पुढे नकळत एक मोकळी जागा पडली, तर यंत्राने तो आकडाच नाकारला. उलट वर्ग दाखवायला डोक्यावर लिहितात तो बारीक २ दिला, तर 'हा अंक आहे' म्हणून पसंत केला. आणि पुढे त्याचा आकडा करायची वेळ आली तेव्हा प्रोग्रॅम कोसळला.

तेव्हा तिने रीत बदलली. मजकूर सरळ 'इंट'च्या हवाली करायचा. आकडा झाला तर ठीक, नाहीतर पायथन 'व्हॅल्यूएरर' म्हणून ओरडते, ती ओरड झेलायची आणि माणसाला पुन्हा विचारायचे. मला ही रीत पटली. पोहता येते का असे विचारीत बसण्यापेक्षा पोराला विहिरीत उतरवावे. मात्र आपण दोर धरून काठावर उभे राहावे. आता मागची मोकळी जागा चालली, 'सदतीस' हा शब्द चालला नाही, ३७.५ चालले नाही. उणे पाच मात्र बिनबोभाट आत गेले. तोही पूर्णांकच की! पूर्णांक असणे वेगळे आणि गुण असणे वेगळे, म्हणून ० ते १०० ही तपासणी तिने निराळी घातली.

"सगळ्याच भाषा इतक्या कडक नसतात हं," ती सांगू लागली. जावास्क्रिप्टमधले 'पार्सइंट' ३७.५ मधला अर्धा गुण मुकाट्याने गिळून ३७ देते. आणि तिथल्याच 'नंबर'ला काही न लिहिता कोरा मजकूर दिला, तर ते म्हणते शून्य.

इथे माझे हसू थांबले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातली एक मुलगी दसरा होताच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. सहामाही परीक्षेत तिचे बाक रिकामे राहिले. निकालाचा तक्ता करताना तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायला हवे होते. पण रकान्यात अक्षरे आली की माझी बेरीज अडायची. रात्र झाली होती, मी कंटाळलो होतो. सगळ्या विषयांपुढे मी शून्य घातले आणि बेरीज जुळवली.

पाडव्यानंतर ती परत आली. भिंतीवर लावलेला तो तक्ता तिने पाहिला. रडली नाही, रागावलीही नाही. "गुरुजी, मी तर पेपरच दिला न्हवता," एवढेच म्हणाली. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढच्या दसऱ्याला ती गेली, ती शाळेत परतलीच नाही. त्या शून्यांमुळे, असे मी म्हणत नाही. तिच्या घरची ओढाताण माझ्या तक्त्याहून कितीतरी मोठी होती. पण शाळेत असलेला तिचा शेवटचा हिशेब खोटा होता आणि तो माझ्या अक्षरातला होता.

"बाबा, रिकामे सोडले तर काय करू?" मुलगी विचारीत होती.

"शून्य धरू नकोस," मी म्हटले. "पुन्हा विचार. आणि 'गै' लिहिले तर घे. बेरजेत धरू नकोस, सरासरीतही नको. पण नाव यादीत राहू दे."

"म्हणजे पूर्णांक नसलेलेही एक उत्तर चालवून घ्यायचे?"

"हो."

तिने दोनतीन ओळी वाढवल्या. यंदाही माझ्या वर्गातल्या दोन मुली दसऱ्यानंतर गेल्या आहेत. त्यांची नावे आली तेव्हा मी 'गै' टाइप केले. यंत्राने काही तक्रार केली नाही. ते पुढचे नाव विचारू लागले.