न्यूरेंबर्गच्या बाजारातल्या छोट्या मोटारी

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबर महिन्यात, जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. ट्रेम्पेलमार्क्ट असे त्याचे नाव. आपल्या मुंबईच्या चोरबाजाराची आठवण यावी असाच, फक्त आरडाओरडा नाही. कपबशा आणि पितळी दिव्यांच्या गर्दीत तळहातावर मावणाऱ्या मोटारी मांडलेल्या असतात. आपल्याकडे नातवंडे खेळतात तशा मोटारींवर तिथे पांढऱ्या केसांचे आजोबा भिंग लावून वाकलेले दिसले आणि मला आधी हसूच आले.

या मोटारी जस्ताच्या. वितळलेले जस्त दाबाने पोलादी साच्यात भरायचे, हे भोसरी-चिंचवडला डायकास्टिंगवर काम करणाऱ्या आपल्या बांधवांना सांगायला नको. त्या जस्तात शिशाची भेसळ राहिली, की काही वर्षांनी मोटार आतून फुगते, तडकते आणि शेवटी तिचा भुगा होतो. त्यावर इलाज नाही. म्हणून जाणकार माणूस रंगाला भुलत नाही. तो मोटार उलटी करून तळ पाहतो.

तळावरच कारखान्याचे नाव असते. शुको १९१२ सालचा, याच गावातला. त्याच्या १९५७ सालच्या 'पिकोलो' मोटारी बोटभर लांबीच्या आणि भरीव. काचेची खिडकीसुद्धा नाही. गामा शेजारच्या फ्यूर्थ गावचा. एनझेडजी १९६८ सालचा. तो क्रेन आणि खोदाई यंत्रांच्या प्रतिकृती करतो. मला त्याच जास्त आवडल्या. त्या यंत्रांवर राबणारी माणसे आपल्या घरातली आहेत. युद्धानंतरच्या काही खेळण्यांवर 'अमेरिकी विभाग, जर्मनी' असा शिक्काही सापडतो. देशाचे तुकडे झाले होते, ते खेळण्याच्या पोटावर छापले गेले.

पण सगळेच तळावर लिहिलेले नसते. इथे टिप अँड कंपनी नावाचा पत्र्याच्या खेळण्यांचा नामांकित कारखाना होता. मालक फिलिप उलमान ज्यू. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि उलमान यांना इंग्लंड गाठावे लागले. त्यांच्या हातून गेलेल्या त्याच कारखान्याने पुढे हिटलरची मूर्ती बसवलेली मोटार मुलांसाठी विकली! पुढे १५ सप्टेंबर १९३५ रोजी याच शहरात ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे झाले. त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहिल्या आणि बाजारातला गलका मला ऐकू येईना.

उलमान यांनी इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला मेटॉय कंपनी उभी केली. तिनेच १९५६ साली कॉर्गी या नावाने जस्ताच्या मोटारी काढल्या आणि त्या जगभर गेल्या.

एका टेबलावर शुकोच्या चकचकीत मोटारी डब्यासकट होत्या. किंमत माझ्या आवाक्याबाहेरची. बाजूच्या खोक्यात रंग उडालेली, एक चाक नसलेली कॉर्गी पडली होती. उलटी केली. तळावर ग्रेट ब्रिटनचे नाव. तडा कुठे नव्हता.

"मोडकी आहे," विकणाऱ्या बाई म्हणाल्या. मी पाच युरो दिले.